नव्या घराला तडे गेलेत? पुट्टीच्या आधी पेन्सिल घ्या

नव्या घरात सामान लागतं, पडदे लागतात आणि एके दिवशी सकाळी खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे निघालेली एक तिरकी रेघ दिसते. आयुष्याची कमाई ज्या भिंतींत घातली त्याच भिंतीला तडा गेलेला पाहून पोटात गोळा येतोच. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि अशा घरांच्या पाहणीला जाणं हे माझं नेहमीचं काम आहे. बहुतेक ठिकाणी मी पोहोचेपर्यंत भेग बुजवून झालेली असते. गवंडी येऊन, "साहेब, पुट्टी मारून देतो, दिसणारपण नाही," असं म्हणून गेलेला असतो आणि खरंच काही दिसत नसतं. मला जे वाचायचं होतं, नेमकं तेच पुसून टाकलेलं असतं.

भेग कुठे आहे, कुठल्या दिशेने गेली आहे, कुठे रुंद आणि कुठे निमुळती आहे, आणि ती वाढते आहे की थांबली आहे, या चार गोष्टी कळल्या की तिचं कारण बहुतेक वेळा समजतं. कारण समजलं की उपाय ठरतो, आणि बिल्डरकडे बोलायला आपल्या हातात काहीतरी असतं. म्हणून भेग दिसली की पहिल्यांदा पेन्सिल घ्यायची, भेगेच्या दोन्ही टोकांना आडवी खूण करायची आणि शेजारी तारीख लिहायची. बाकी सगळं त्यानंतर.

या भेगा दिसल्या तर थांबू नका

पेन्सिल आणि धीर हा नियम बहुसंख्य भेगांना लागू आहे, सगळ्यांना नाही. काही भेगा दिसल्या की त्याच दिवशी इंजिनिअरला फोन करावा.

पहिली म्हणजे पुढे आलेल्या बाल्कनीच्या किंवा सज्ज्याच्या वरच्या बाजूला, भिंतीलगत, भिंतीला समांतर गेलेली भेग. अशी बाल्कनी एका बाजूने घरात धरलेली असते आणि दुसरी बाजू हवेत असते. त्यामुळे ताण वरच्या पृष्ठभागावर येतो आणि मुख्य सळ्याही वरच असाव्या लागतात. काँक्रीट ओतताना माणसं त्या सळ्यांवरून चालली आणि सळ्या खाली दबल्या, तर कागदावर बरोबर असलेली बाल्कनी प्रत्यक्षात कमकुवत होते. ही चूक बाहेरून दिसत नाही, तिची पहिली खूण म्हणजे ही भेग. तिथे उभं राहू नका, कुंड्या हलवा, मुलांना जाऊ देऊ नका आणि इंजिनिअर येईपर्यंत खालची जागाही मोकळी ठेवा.

दुसरी, बीमच्या टोकाशी, खांबाजवळ, साधारण ४५ अंशात तिरकी गेलेली भेग. बीमच्या मध्यभागी खालून वर जाणाऱ्या केसाएवढ्या उभ्या भेगा बऱ्याचदा निरुपद्रवी असतात, कारण आरसीसीमध्ये काँक्रीटला थोडं तडकू देऊन सळईने ताण घ्यावा अशीच रचना असते. टोकाशी तिरकी गेलेली भेग मात्र बीम कापला जात असल्याची शंका दाखवते, आणि असं नुकसान फारशी पूर्वसूचना न देता वाढू शकतं.

तिसरी, खांबावरची कुठलीही भेग. आधी ती फक्त गिलाव्यात आहे का ते पाहावं लागतं, पण तो निर्णय घरच्यांनी नजरेने करू नये. शिवाय दारं अचानक अडकायला लागणं, काचेला आपोआप तडा जाणं, रात्री करकर आवाज येणं आणि भेग दिवसागणिक रुंद होणं यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर घरातल्यांना त्या भागापासून दूर ठेवा.

नोंदवही कशी ठेवायची

घरात फिरून प्रत्येक खोलीचा साधा नकाशा काढा आणि त्यावर भेगांना क्रमांक द्या. प्रत्येक भेगेचे दोन फोटो हवेत. एक दुरून, म्हणजे ती कुठल्या भिंतीवर आणि खिडकीच्या कुठल्या बाजूला आहे ते कळेल. दुसरा जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. मोजपट्टीशिवाय काढलेल्या फोटोत १ मिलिमीटरची भेग आणि ५ मिलिमीटरची भेग सारखीच भयानक दिसते.

रुंदी मोजायला स्वस्त क्रॅक गेज कार्ड मिळतं. जाडी वाढत गेलेल्या रेघा छापलेली ती पारदर्शक पट्टी असते, भेगेवर धरून जुळवायची. ते नसेल तर छपाईचा साधा कागद घ्या. त्याची जाडी जवळजवळ ०.१ मिलिमीटर असते. एक थर भेगेत जातो का, घडी घालून तीन थर जातात का, दहा थर जातात का, यावरून ०.१, ०.३ आणि १ मिलिमीटरचा अंदाज घरबसल्या येतो. कागद सहज सरकला पाहिजे, कोंबायचा नाही.

भेग वाढते आहे का, हे पाहायला जुन्या पद्धतीने तिच्यावर काचेची पट्टी किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठिपका चिकटवतात. हालचाल झाली की पट्टी तडकते. हे चालतं, पण भेग किती हलली ते त्यातून कळत नाही. त्यापेक्षा भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक स्क्रू पक्का बसवा आणि दोन्ही स्क्रूंच्या डोक्यांतलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजा. तिसरा स्क्रू बसवून त्रिकोण केला, तर भेग नुसती उघडते आहे की भिंतीचा एक भाग खाली सरकतो आहे, तेही कळतं. पहिला महिना आठवड्याला एकदा आणि पुढे महिन्याला एकदा, शक्यतो सकाळच्या एकाच वेळी मोजा. दुपारच्या उन्हात तापलेली भिंत आणि पहाटेची गार भिंत एकच आकडा देत नाहीत. शेजारी पाऊस, ऊन, थंडी असं एका शब्दात लिहून ठेवा.

एका घरी शिक्षिका असलेल्या गृहिणीने मला कपाटामागची भेग दाखवली होती. भेगेच्या वरच्या टोकाशी पेन्सिलच्या पाच खुणा होत्या, शाळेच्या वहीत असतात तशा नीट आखलेल्या, प्रत्येकीशेजारी तारीख. पहिल्या पाच महिन्यांत भेग चार खुणा वर सरकली होती. पाचवी खूण शेवटची, आणि त्यानंतर सात महिने ती तिथेच थांबली होती. दर महिन्याला त्या कपाट पुढे ओढून पाहायच्या. पाया बसायचा तेवढा बसून स्थिरावला आहे, हे कुठल्याही चाचणीपेक्षा त्या पाच रेघांनी स्पष्ट सांगितलं. त्या कुटुंबाचा पाया मजबूत करण्याचा मोठा खर्च वाचला.

भेग वाचायची कशी

तत्त्व एकच: जिकडे ताण, त्याच्या काटकोनात भेग. हे डोक्यात ठेवून भिंतीकडे पाहिलं तर बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या, सगळीकडे पसरलेल्या बारीक भेगा असतील तर त्या गिलाव्याच्याच असतात. सिमेंट जास्त पडलं, ऊन-वाऱ्यात गिलावा पटकन सुकला, पाणी मारलं नाही, घोटून घोटून वर नुसती सिमेंटची साय आणली, असं काहीतरी झालेलं असतं. इथे एकच परीक्षा महत्त्वाची: बोटाच्या पेराने किंवा लाकडी दांडीने ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर पुट्टी-रंगाने भागेल. पोकळ, ढब असा आवाज आला तर गिलावा विटेपासून सुटला आहे. तो काढून पुन्हा करावा लागेल, वरून कितीही सजवला तरी कधीतरी खाली येणारच.

स्विचबोर्डपासून सरळ वर किंवा आडवी गेलेली भेग म्हणजे वायरिंगच्या पाइपासाठी भिंतीत कापलेली खाच. पाइप पुरेसा आत न बसवता वरून पातळ माल भरला की ती रेघ उमटते. त्रासदायक, पण घराच्या ताकदीशी संबंध नाही.

भिंत आणि खांब यांच्या सांध्यात उभी किंवा भिंतीच्या माथ्याशी बीमच्या खाली आडवी सरळ रेघ, ही नव्या आरसीसी घरात सर्वाधिक दिसणारी भेग. वीट किंवा ब्लॉक आणि काँक्रीट हे दोन वेगळे पदार्थ आहेत. दोन्ही सुकताना वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, तापल्यावर वेगवेगळे प्रसरण पावतात. दोन्हींवर एकसलग गिलावा केला आणि सांध्यावर जाळी मारली नाही, तर सांधा आपली जागा दाखवतो. भिंतीचं काम घाईत बीमपर्यंत चढवलेलं असेल तर हे आणखी हमखास. एका दिवसात दीड मीटरपेक्षा जास्त उंचीचं बांधकाम करू नये आणि बीमखालचा शेवटचा थर भिंत थोडी बसल्यावर भरावा, हा जुना शहाणपणा त्यासाठीच आहे.

वरच्या मजल्यावर, गच्चीच्या स्लॅबखाली, भिंतीच्या माथ्याशी चारी बाजूंनी आडवी भेग असेल आणि ती उन्हाळ्यात उघडत व थंडीत मिटत असेल, तर कारण ऊन आहे. काँक्रीट एक अंश तापमानवाढीला आपल्या लांबीच्या साधारण एक लाखांश भाग लांबतं. दहा मीटर लांबीचा स्लॅब २० अंश तापला तर २ मिलिमीटर वाढला. खालची भिंत सावलीत, ती तेवढी वाढत नाही. हे दोन मिलिमीटर कुठेतरी निघणारच. इथे भिंतीतली भेग कितीही वेळा बुजवा, पुढच्या उन्हाळ्यात ती परत येते, कारण दुखणं गच्चीत आहे. गच्चीवर उष्णता परतवणारा थर किंवा इन्सुलेशन करा, आणि सांध्यात ताणला जाणारा सीलंट भरून तिथे मुद्दाम एक सरळ खाच ठेवा.

खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी भेग पाहून लोक सर्वात जास्त घाबरतात. भिंतीला भोक पाडलं की त्याच्या कोपऱ्यात ताण एकवटतो, त्यामुळे नुसतं आकुंचनही तिथे भेग पाडू शकतं. ती केसाएवढी असेल, सगळीकडे सारखी बारीक असेल आणि थांबली असेल तर चिंता नको. पण एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती असेल, विटांच्या सांध्यांतून जिना उतरावा तशी पायऱ्यापायऱ्यांनी गेली असेल आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही तशीच दिसत असेल, तर पाया हलला आहे असं समजून चौकशी सुरू करा. वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर घराचं टोक किंवा कोपरा खाली जातो आहे. खाली रुंद आणि वर निमुळती असेल तर भिंतीचा मधला भाग बसतो आहे.

पाया हलला म्हणजे घर गेलं, असं मुळीच नाही. आधी पाणी शोधा. एका घराच्या मागच्या कोपऱ्यात अशीच वर रुंद होत गेलेली भेग होती. आत सगळे हादरलेले. मी बाहेरून फेरी मारली, तर गच्चीचं पाणी उतरवणाऱ्या पाइपाचा खालचा सांधा निखळलेला, आणि प्रत्येक पावसात गच्चीभर पाणी थेट त्या कोपऱ्याच्या पायाशी मुरत होतं. पाइप जोडला, पाणी घरापासून लांब नेलं, कोपऱ्याची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती केली. पुढच्या सगळ्या मोजण्यांत स्क्रूंतलं अंतर जागचं हललं नाही. चिकण मातीच्या जमिनीत हे विशेष जपावं लागतं. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते, आणि घराच्या एका बाजूला ओल व दुसऱ्या बाजूला कोरडी जमीन असेल तर पाया एकसारखा राहत नाही. भिंतीला खेटून लावलेलं मोठं झाडही जमिनीतलं पाणी ओढून हेच करतं.

शेवटची, नव्या घरात दिसू नये अशी भेग: सळईच्या रेषेत सरळ गेलेली, कडेला तपकिरी डाग असलेली. काँक्रीट अल्कधर्मी असल्याने आतली सळई गंजत नाही, पण त्यासाठी तिच्यावर काँक्रीटचं पुरेसं आवरण हवं, स्लॅबमध्ये साधारण २० आणि खांबांत ४० मिलिमीटर. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. पहिल्या दोन-तीन वर्षांतच ही भेग दिसली, तर आवरण कमी राहिलं आहे, काँक्रीट पोकळ राहिलं आहे किंवा खारं पाणी अथवा खारी वाळू वापरली गेली आहे. यावर वरवरचा गिलावा कधीही मान्य करू नका.

किती रुंद म्हणजे काळजीची?

विटांच्या भिंतींसाठी ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटचं वर्गीकरण जगभर वापरलं जातं. ०.१ मिलिमीटरपर्यंत नगण्य, १ पर्यंत फार किरकोळ, ५ पर्यंत किरकोळ, ५ ते १५ मध्यम, १५ ते २५ गंभीर आणि त्यापुढे अतिगंभीर. पाच मिलिमीटरलाही किरकोळ म्हटलेलं वाचून अनेकांना धीर येतो, आणि तो यावाच. पण हे आकडे भिंतींचे आहेत, बीम-स्लॅब-खांबांचे नाहीत. आरसीसीमध्ये सर्वसाधारण परिस्थितीत ०.३ मिलिमीटर, म्हणजे आपल्या कागदाचे तीन थर, ही मर्यादा धरतात. आणि आकड्यापेक्षा हालचाल मोठी: थांबलेली ३ मिलिमीटरची भेग मला वाढत्या १ मिलिमीटरच्या भेगेपेक्षा कमी त्रास देते.

नव्या घरात इतक्या भेगा का पडतात, याचं मूळ बहुतेकदा पाण्यात आहे. सिमेंटला त्याच्या वजनाच्या साधारण ४० टक्के पाणी पुरतं, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला २० लिटर. माल सहज पसरावा म्हणून साइटवर त्यात जास्तीचं पाणी सोडलं जातं. ते पाणी पुढे महिनोन्महिने उडून जातं आणि काँक्रीट आकसतं. त्यातच पहिले किमान सात दिवस ओलं ठेवायचं राहिलं, तर आकसणारं काँक्रीट अशक्तही राहतं. म्हणूनच पहिल्या वर्षभरात, सगळे ऋतू एकदा जाईपर्यंत, काही बारीक भेगा येणं स्वाभाविक आहे. बिल्डर "एक वर्ष थांबा" म्हणतो तेव्हा तो दरवेळी टाळत असतो असं नाही. फक्त ते वर्ष लेखी नोंदीसह गेलं पाहिजे.

भेगांशिवाय काय तपासायचं

मोरी आणि बाथरूमची पाण्याची परीक्षा प्रत्येकाने घ्यावी. पाणी जाण्याची जागा कापडाने घट्ट बंद करा, २५ मिलिमीटर पाणी भरा, भिंतीवर पातळीची पेन्सिलखूण करा आणि २४ तास ठेवा. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्याचं छत आणि बाजूच्या भिंतीचा पायथा हाताने चाचपा. गच्चीची परीक्षा अशीच, शक्यतो ४८ तासांची. नंतर पाणी सोडा आणि कुठे डबकं उरतं ते पाहा, ढाळ चुकला असेल तर तिथेच कळतं.

फरशी नाण्याने ठोकत जा. पोकळ वाजणाऱ्या फरशीवर खडूने फुली मारा आणि फुल्यांचा फोटो काढा. कोपऱ्यातली एखादी पोकळ वाजली तर चालेल, ओळीच्या ओळी वाजल्या तर नाही. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे नसतील तर चौकट वाकडी आहे. भिंतीचा ओळंबा आणि फरशीची पातळी पाणसळीने पाहा.

भिंतीवर पांढरा भुकटीसारखा थर फुलला असेल तर तो क्षार आहे. भिंतीतून बाहेर येणारं पाणी तो सोबत आणतं. पाण्याने धुऊ नका, तो विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडा आणि पाणी कुठून येतं ते शोधा.

बिल्डरशी बोलणं

पहिला फोन जरूर करा, सौम्यपणे करा, पण त्याच दिवशी लेखी कळवा. करारात दोष दुरुस्तीची मुदत किती आहे, ती कुठल्या तारखेपासून सुरू होते आणि त्यात नेमकं काय येतं, हे आधी वाचा. मुदतीच्या आत पोहोचलेली लेखी तक्रार हा तुमचा मुख्य आधार आहे. पत्रात राग नको, माप हवं. उदाहरणार्थ: "पूर्वेकडील शयनकक्ष, खिडकीचा वरचा उजवा कोपरा. तिरकी भेग, लांबी ६२ सेंटिमीटर, वरच्या टोकाशी रुंदी २ मिलिमीटर, खाली केसाएवढी. बाहेरच्या बाजूलाही दिसते. पहिल्यांदा पाहिल्याची तारीख व त्यानंतरची चार मोजमापं सोबत जोडली आहेत. कृपया १५ दिवसांत संयुक्त पाहणी करून कारण आणि दुरुस्तीची पद्धत लेखी कळवावी." अशा पत्राला "घराला तडे गेलेत, ताबडतोब माणूस पाठवा" या निरोपापेक्षा फार वेगळं उत्तर येतं.

पाहणीला बिल्डरचा इंजिनिअर आला की तिथल्या तिथे हाताने नोंद लिहा आणि दोघांनी सह्या करा. भेग गिलाव्यातच आहे की आत गेली आहे, यावर वाद झाला तर तळहाताएवढा गिलावा काढायला सांगा. खालची वीट किंवा काँक्रीट अखंड असेल तर वाद मिटला.

भेगा गंभीर असतील तर स्वतःचा स्वतंत्र इंजिनिअर बोलवा, ज्याचं दुरुस्ती करणाऱ्या ठेकेदाराशी किंवा रसायनं विकणाऱ्या कंपनीशी काही देणंघेणं नाही. तो गरजेनुसार चाचण्या सुचवेल. रिबाउंड हॅमर काँक्रीटच्या वरच्या थराचा कठीणपणा सांगतो. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहरींचा वेग मोजतात: सेकंदाला ४.५ किलोमीटरपेक्षा जास्त उत्तम, ३.५ ते ४.५ चांगला, ३ च्या खाली शंकास्पद. कव्हर मीटर सळई किती आत आहे ते दाखवतो. या सगळ्यांनंतरही शंका उरली तर काँक्रीटचे दंडगोल कापून प्रयोगशाळेत दाबून पाहतात. त्यांची सरासरी ताकद अपेक्षेच्या किमान ८५ टक्के हवी आणि एकही नमुना ७५ टक्क्यांखाली नको. एका हॅमरच्या आकड्यावर घराचा निकाल लावणाऱ्या अहवालावर मी सही करणार नाही, तुम्हीही विश्वास ठेवू नका.

दुरुस्ती करताना

दुरुस्ती भेगेच्या स्वभावाप्रमाणे ठरते. गवंड्याच्या पिशवीत काय आहे, त्यावरून ती ठरवू नका. हलती भेग ताणल्या जाणाऱ्या मालाने भरायची, थांबलेली भेग कडक मालाने. हलत्या भेगेत सिमेंट भरलं की ती शेजारी नवी वाट काढते.

गिलाव्यातली थांबलेली भेग ग्राइंडरने व्ही आकारात साधारण १० मिलिमीटर खोल उघडा, धूळ ब्रशने पूर्ण काढा, किंचित ओली करा आणि पॉलिमर मिसळलेला माल किंवा क्रॅक फिलर दाबून भरा. धूळ काढण्यात कंटाळा केला तर सगळं काम वाया, भरलेला माल धुळीला चिकटतो, भिंतीला नाही. भिंत आणि खांब यांच्या सांध्यावर गिलाव्याची दोन्ही बाजूंना किमान १०० मिलिमीटर रुंद पट्टी काढा, सांधा भरा, जाळी खिळ्यांनी ताणून बसवा आणि मग नवा गिलावा करा. भिंतीवर नुसती चिकटवलेली कागदी टेप इथे टिकत नाही.

बीम किंवा स्लॅबमधली कोरडी, थांबलेली भेग इपॉक्सीच्या इंजेक्शनने जोडतात. भेगेवर ठरावीक अंतरावर नळ्या बसवून, वरून भेग बंद करून, खालच्या नळीतून रसायन सोडतात आणि वरच्या नळीतून बाहेर डोकावलं की पुढच्या नळीकडे जातात. पाणी गळत असलेल्या भेगेला पॉलियुरेथेन लागतं. गंजलेल्या सळईचं काम मात्र उघडून, सळईच्या मागचं काँक्रीटही काढून, गंज घासून, संरक्षक लेप देऊन आणि दुरुस्तीचा खास माल भरूनच होतं. अशा कामाआधी टेकू लावायचा का, हे इंजिनिअर ठरवेल, आणि तो काम चालू असताना साइटवर हजर असावा असा आग्रह धरा.

काम सुरू होण्याआधी बिल्डरकडून चार ओळी लिहून घ्या: कारण काय, पद्धत कोणती, माल कोणता आणि हमी किती दिवसांची. काम चालू असतानाचे फोटो काढा, विशेषतः भेग उघडल्यावर आणि भरण्याआधी, कारण तो क्षण नंतर कोणीच पाहू शकत नाही.

नवा गिलावा पुरता सुकायला साधारण चार आठवडे द्या, त्यानंतरच रंग. मोठ्या भेगेची दुरुस्ती झाली असेल तर मी त्या भागावर लगेच महागडा रंग लावू देत नाही. प्रायमरचा एक हात देऊन ठेवायचा, जुन्या टोकांच्या जागी पुन्हा पेन्सिलने खुणा करायच्या, एक पाऊसकाळ आणि एक उन्हाळा जाऊ द्यायचा. खुणांच्या पलीकडे रेघ गेली नाही तर मग हव्या त्या रंगाने भिंत रंगवा, आणि नोंदवही घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवून द्या.